अंगठा फ्रेममध्ये आलाय

उदगीरहून हैदराबादला परत जाताना बस बीदर ओलांडते आणि थोड्या वेळाने खिडकीबाहेरची माती लाल होते. झहीराबादच्या स्टँडवर गाडी थांबते. लोक चहाला उतरतात, मी बहुतेक वेळा मोबाईलमध्ये असतो. नोकरीला लागल्यापासून हा प्रवास मी इतक्या वेळा केलाय की मोजदाद नाही. पण या स्टँडच्या इतक्या जवळ पस्तापूर नावाचं गाव आहे आणि तिथे शेतमजुरी करणाऱ्या बायकांनी सिनेमाचं एक स्वतःचं व्याकरण तयार केलंय, हे मला गेल्या वर्षापर्यंत ठाऊक नव्हतं. कळलं तेही एका लाजिरवाण्या प्रसंगानंतर. तो पुढे सांगतो, आधी व्याकरण.

पस्तापूरला डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटी ही संस्था १९८३ पासून काम करते. गावोगावच्या दलित, अल्पभूधारक बायकांचे ‘संघम’ हा तिचा पाया. संस्थापकांपैकी पी. व्ही. सतीश हे मुळात दूरदर्शनचे निर्माते. (२०२३ मध्ये ते गेले.) नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात इथल्या काही बायकांना व्हिडिओ कॅमेरा शिकवला गेला. त्यातल्या बहुतेकींना लिहितावाचता येत नव्हतं. २००१ मध्ये त्यांचा कम्युनिटी मीडिया ट्रस्ट उभा राहिला. शिकताना लो अँगल, हाय अँगल, आय लेव्हल हे शब्द आले, तेव्हा बायकांनी ते बाजूला ठेवले आणि आपली नावं दिली.

कॅमेरा खाली आणि माणूस वर, तो ‘पटेल शॉट’. कारण गावचा पटेल ओट्यावर बसतो, आपण खाली, आणि तो आपल्याला असाच दिसतो. कॅमेरा वरून खाली बघतो, त्याला इंग्रजी लेखांमध्ये ‘स्लेव्ह शॉट’ म्हटलंय. पटेलाला आपण दिसतो तसा. आमच्याकडे त्याला सालगड्याचा शॉट म्हणतील. आणि कॅमेरा समोरच्याच्या डोळ्यांच्या उंचीवर, तो ‘संघम शॉट’, कारण संघमच्या बैठकीत सगळ्या एकाच जमिनीवर बसतात. आपल्याला हाच शॉट हवा, हेही त्यांनी ठरवून टाकलं.

मराठवाड्यातल्या माणसाला याचं भाषांतर करून द्यावं लागत नाही. आम्ही आणि ते १९४८ पर्यंत एकाच निजामाच्या राज्यात, १९५६ पर्यंत एकाच हैदराबाद राज्यात होतो. त्यांचा पटेल तो आमचा पाटील. माझे आजोबा पाटलाशी बोलताना ओट्याच्या खाली उभे राहायचे आणि मान वर करायचे, असं आई सांगते. हा अँगल तिने कॅमेऱ्याशिवायच पाहिला होता.

सिनेमावरची पुस्तकं वाचणाऱ्यांना इथे काही नवीन वाटणार नाही. लो अँगलने माणूस ताकदवान दिसतो, हाय अँगलने दुबळा, हे पहिल्या धड्यात असतं. पण पुस्तकात तो परिणाम म्हणून येतो. अमुक केलं की प्रेक्षकाला तमुक वाटतं. या बायकांच्या नावांत परिणाम नाही, माणसं आहेत. कोण कुणाकडे बघतंय, हे नावातच आहे. आणि संघम शॉट नुसता मधला पर्यायही नाही. जमिनीवर बसलेल्या बाईचा तो शॉट घ्यायचा तर कॅमेरावालीलाही जमिनीवर बसावं लागतं.

आता माझी तक्रार. अशा अभ्यासक्रमांबद्दल, म्हणजे वस्तीत, बचत गटात, संघटनेत मोठ्या वयाच्या माणसांना चित्रपट करायला शिकवतात त्याबद्दल, जे लिहिलं जातं ते सगळं एका शब्दावर येऊन थांबतं. ‘आत्मविश्वास’. कॅमेरा धरलेल्या नऊवारीतल्या बाईचा फोटो, खाली ‘यांचा आत्मविश्वास वाढला’. वाढतो, मला शंका नाही. घरातून बाहेर पडलेली, चार लोकांत बोलायला घाबरणारी बाई अनोळखी माणसापुढे कॅमेरा धरून प्रश्न विचारते, तेव्हा काहीतरी बदललेलंच असतं. पण या लिखाणात बाईचं मूल्यमापन असतं, तिच्या फिल्मचं नसतं. फिल्म किती लांब आहे, कुठे कापली आहे, आवाज कसा आहे, काय दाखवायचं टाळलंय, कुणीच बोलत नाही. नवख्या दिग्दर्शकाच्या पहिल्या फिल्मबद्दल आपण तीन हजार शब्द भांडतो. पन्नाशीच्या बाईच्या पहिल्या फिल्मला टाळ्या देऊन मोकळे होतो. आणि टाळ्या वाजवता वाजवता तिच्या चुका गुपचूप दुरुस्त करतो.

हे मी ठामपणे सांगू शकतो, कारण मीच ते केलंय.

आमच्याकडे तालुक्याच्या ठिकाणी एका संस्थेने बचत गटाच्या बायकांसाठी दहा दिवसांचा मोबाईल-व्हिडिओचा वर्ग घेतला. आई गेली. नववीनंतर लग्न झालं आणि शाळा सुटली ती कायमचीच, त्यामुळे ‘वर्ग’ या शब्दाचंच तिला अप्रूप. रोज संध्याकाळी फोनवर ती काय शिकली ते सांगायची. फोन आडवा धरायचा. बोलणाऱ्याच्या तोंडावर उजेड पाहिजे, पाठीमागे नको. श्वास धरून ठेवायचा म्हणजे हात हलत नाही. शेवटी प्रत्येकीने चार मिनिटांची फिल्म करायची होती. आईने शेजारच्या काकूंवर केली. त्या घरी शिलाईकाम करतात, ब्लाऊज, पिको-फॉल, शाळेचे गणवेश. विषय होता उधारी. कपडे वेळेत पाहिजेत आणि पैसे पुढच्या महिन्यात, असं सगळं गाव करतं आणि कुणालाच त्यात काही वावगं वाटत नाही.

शूटिंग तिने केलं. क्लिपा जोडायची वेळ आली तेव्हा वर्गातल्या ताईंकडे एकच लॅपटॉप आणि बाया अठरा. आई म्हणाली, “तू कॉम्प्युटरवालाच हैस की, दे जोडून.” मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. एका शनिवारी हैदराबादच्या फ्लॅटवर बसून मी तिच्या सदतीस क्लिपांमधून चार मिनिटं काढली. काकू नुसत्या मशीन चालवतायत आणि कुणी बोलत नाही, असा जवळपास मिनिटभराचा शॉट होता, तो आठ सेकंदांवर आणला. मागे हलकं संगीत टाकलं. उधारीच्या वहीच्या दोन क्लिपा होत्या. एक स्वच्छ, स्थिर, अक्षर न् अक्षर दिसणारी. दुसरीत आईचा अंगठा पानावर आडवा आलेला, अर्धं पान झाकलेलं. मी अर्थातच स्वच्छ घेतली. फोनवर तिला म्हणालोही, “आई, एका क्लिपमध्ये अंगठा फ्रेममध्ये आलाय, ती काढून टाकलीय.” ती काहीतरी बोलायला लागली होती, पण माझा दुसरा कॉल आला.

फिल्म सभागृहात दाखवली गेली. वहीचं पान भिंतीएवढं मोठं झालं. त्यावर एका बाईचं नाव होतं आणि पुढे ३४० रुपये. ती बाई चौथ्या रांगेत बसलेली होती.

अंगठा चुकून आलेला नव्हता. पहिली क्लिप घेतल्यावर आईला नाव दिसलं, म्हणून तिने दुसरी घेतली, नावावर बोट ठेवून. रक्कम दिसावी, माणूस दिसू नये. ब्लर नावाचा प्रकार तिला कुणी शिकवला नव्हता, तर तिने हातानेच केला. आणि मी, ज्याला ब्लर कसा करतात हे पक्कं माहीत आहे, मी तो निर्णय चूक समजून पुसला.

आमच्या कामात एक साधी शिस्त असते. दुसऱ्याच्या कोडमधली विचित्र वाटणारी ओळ उडवण्याआधी ती कुणी लिहिली ते शोधायचं आणि त्याला विचारायचं. नवीन पोरांना मी हे स्वतः सांगतो. आईच्या बाबतीत ते सुचलं नाही. तिने काही विचार करून केलं असेल, ही शक्यताच मी गृहीत धरली नव्हती. वर्गातून मिळालेला आत्मविश्वास म्हणतात तो तिच्याकडे होता, नव्हता तो माझा तिच्यावरचा विश्वास.

आई सभागृहात काही बोलली नाही. संध्याकाळी त्या बाईच्या घरी जाऊन आली. काय बोलणं झालं ते मला आजही माहीत नाही. मला फक्त एवढंच म्हणाली, “तुला कुणी सांगितलं होतं रे हुशारी करायला.”

त्यानंतर मी पस्तापूरच्या बायकांच्या फिल्म शोधून पाहायला लागलो. त्यांची सगळ्यात गाजलेली फिल्म २००३ ची, ‘व्हाय आर वरंगल फार्मर्स अँग्री विथ बीटी कॉटन’. मार्च २००२ मध्ये देशात बीटी कापसाला परवानगी मिळाली. बियाणं होतं मॉन्सँटो आणि महिको यांचं. महिको म्हणजे आपल्या जालन्याची कंपनी, तेव्हा ही गोष्ट पुन्हा आपल्या दारात येते. त्या पहिल्याच हंगामात पस्तापूरच्या बायका कॅमेरा घेऊन वरंगल जिल्ह्यात गेल्या.

या फिल्ममध्ये मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती तिची रचना. बायका एकदाच जाऊन आलेल्या नाहीत. त्याच शेतकऱ्यांकडे हंगामभर पुन्हा पुन्हा गेल्या आहेत. पेरणीनंतरची आशा वेगळी, पीक उभं असतानाचं बोलणं वेगळं, वेचणीच्या वेळचा चेहरा वेगळा. टीव्हीची गाडी शेतकऱ्याकडे कधी जाते? आत्महत्या झाल्यावर, गारपीट झाल्यावर, किंवा विक्रमी उत्पन्न आल्यावर. म्हणजे निकाल लागल्यावर. या बायका स्वतः कोरडवाहू शेती करणाऱ्या, ज्वारी-बाजरी आणि डाळी पिकवणाऱ्या. पीक एका भेटीत कळत नाही हे त्यांना फिल्ममेकर होण्याआधीपासून माहीत होतं. ते ज्ञान त्यांनी फिल्मच्या सांगाड्यात घातलं. कॅमेरा कसा धरायचा हे शिकवता येतं, पण परत कधी जायचं हे त्या शेतातूनच घेऊन आल्या होत्या. मोठ्या वयात शिकणाऱ्या माणसाबद्दल आपण ‘शून्यातून सुरुवात’ म्हणतो. इथे शून्य नव्हतंच.

दुसरी गोष्ट ऐकण्याची. प्रश्न विचारणारी आणि उत्तर देणारा दोघंही शेतीच्याच भाषेत बोलतात. किती पिशव्या, किती फवारण्या, किती क्विंटल, किती कर्ज. उत्तर देणारा माणूस त्यांच्यापुढे दुःख सजवून सांगत नाही, हिशोब देतो. शहरी पत्रकारापुढे तो असाच बोलला असता असं मला वाटत नाही. माझ्यापुढे तर नक्कीच नाही.

पण टाळ्यांवर थांबायचं नाही म्हटलं, तर पुढचंही बोललं पाहिजे. ही फिल्म एका बाजूची आहे. शीर्षकच बघा. शेतकरी रागावलेत का, असा प्रश्नच नाही. ते रागावलेत हे ठरलेलं आहे, फक्त कारण शोधायचंय. संस्थेची जनुक बदललेल्या बियाण्यांबद्दलची भूमिका आधीपासून पक्की होती, आणि फिल्म त्या भूमिकेच्या बाहेर पाऊल टाकत नाही. मे २००५ मध्ये केंद्राच्या समितीने आंध्र प्रदेशात याच पहिल्या तीन वाणांना परवानगी नाकारली, त्यामुळे रागाला आधार होता हे खरं. पण पुढे देशातला नव्वद टक्क्यांहून जास्त कापूस बीटीचाच झाला. परभणीकडे माझे मामा कापूस लावतात. त्यांना ही फिल्म फोनवर दाखवली. ते शेवटपर्यंत बघत राहिले आणि म्हणाले, “बायांचं बरोबर हाय. पण मग लावायचं काय?” या प्रश्नाला फिल्ममध्ये उत्तर आहे, देशी बियाणं, मिश्र पिकं. पण ते मामांच्या सावकाराला पटणारं उत्तर नाही, आणि तिथपर्यंत फिल्म जात नाही. इथे मला त्या बायकांचा आवाज कुठे संपतो आणि संस्थेचा कुठे सुरू होतो ते कळेनासं होतं. संघम शॉटमध्ये सगळे एका उंचीवर असतात, पण जो फ्रेमच्या बाहेर आहे त्याची उंची कोण मोजणार?

हा प्रश्न फक्त पस्तापूरचा नाही. १९८४ मध्ये अहमदाबादच्या ‘सेवा’ने आपल्या वीस सदस्य बायकांना व्हिडिओ शिकवला. शिकवायला न्यूयॉर्कहून मार्था स्टुअर्ट आल्या होत्या (केक आणि घरसजावटवाल्या मार्था वेगळ्या, मीही आधी गोंधळलो होतो). त्या वीसजणींत निरक्षर बायकाही होत्या. माणेक चौकात रस्त्यावर बसून भाजी विकणाऱ्या बायकांवर त्यांनी फिल्म केली, आणि ती करणाऱ्यांत स्वतः भाजी विकणारी बाई होती. तिथेही संघटना होती, भूमिका होती, लढा होता. संघटनेशिवाय या बायकांच्या हातात कॅमेरा आलाच नसता. आणि संघटना असली की फिल्मला कामाला लावलं जातं. हा गुंता सोडवता येत नाही, पण फिल्म बघताना तो दिसत राहायला हवा, एवढंच माझं म्हणणं.

याची उलटी बाजू बघायची असेल तर ‘रायटिंग विथ फायर’ बघा. २०२१ ची, रिंटू थॉमस आणि सुश्मित घोष यांची, ऑस्करच्या नामांकनापर्यंत पोचलेली. विषय बुंदेलखंडचं ‘खबर लहरिया’. २००२ मध्ये चित्रकूटला बायकांनी सुरू केलेलं हे वर्तमानपत्र पुढे डिजिटल झालं. फिल्ममध्ये मीरा देवी सहकारी बायकांना स्मार्टफोन शिकवते. काहीजणींनी तो याआधी हातात घेतलेला नाही आणि त्यावरची अक्षरं इंग्रजी. फोनला हात लावताना श्यामकलीच्या बोटांत जो संकोच आहे, तो बघून मला आई आठवली, आणि मी मान्य करतो की डोळ्यांत पाणी आलं. फिल्म सुंदरच आहे. पण ऑस्करच्या काही दिवस आधी खबर लहरियाने एक निवेदन काढलं. फिल्म हलवून टाकणारी आहे, पण आमचं काम एकाच पक्षाच्या बातम्यांभोवती फिरतं असं जे चित्र उभं राहतं ते अपुरं आहे, असा त्याचा आशय होता.

तेव्हा समाजमाध्यमांवर बरेच लोक नाराज झाले. जगभर नाव होतंय आणि या तक्रार काय करतायत! मला मात्र ते निवेदन त्या फिल्मवरची सगळ्यात चांगली समीक्षा वाटते. ज्यांच्या आत्मविश्वासाची गोष्ट जगाला आवडली, त्यांनीच म्हटलं की तुमची फ्रेम चुकली. आत्मविश्वासाचं यापेक्षा ठोस उदाहरण फिल्ममध्येही नाही. पण ते कौतुकाच्या रूपात न येता आक्षेपाच्या रूपात आलं, म्हणून आपल्याला ओळखू आलं नाही.

आईनेही आक्षेप घेतलाच होता. मी कॉल कट केला होता.

जोडून दिलेली ती फिल्म मी नंतर पुन्हा पाहिली. आठ सेकंदांवर आणलेला मशीनचा शॉट मूळ क्लिपमध्ये पूर्ण बघितला. काकू ब्लाऊजची बाही जोडतायत. मशीनचा आवाज, थांबणं, दोरा तोडणं, पुन्हा आवाज. चाळिसाव्या सेकंदाला दारात कुणाचीतरी सावली येते आणि एक आवाज विचारतो, झालं का? काकू मान वर न करता म्हणतात, झालंच. सावली निघून जाते. पैशाचा विषय निघत नाही. आईची अख्खी फिल्म त्या एका शॉटमध्ये होती, आणि मला तो कंटाळवाणा वाटला होता. आता बघताना लक्षात आलं की कॅमेरा मशीनच्या उंचीवर आहे. आई जमिनीवर बसली असणार. तिचे गुडघे दुखतात.

याचा अर्थ तिची प्रत्येक गोष्ट बरोबर होती असं नाही. दोन क्लिपांत वाऱ्याचा आवाज इतका आहे की काकूंचं बोलणं कळत नाही. शेवटी ती स्वतः कॅमेऱ्यासमोर येऊन उधारी करू नका असं सांगते, ते अनावश्यक आहे. तो शॉटच पुरेसा होता. हे मी तिला दिवाळीत सांगितलं. घाबरतच सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, वाऱ्याचं कळतंय, पण शेवटचं ती ठेवणार. ताईंनी सांगितलं होतं का संदेश द्यायला? नाही, म्हणाली, मलाच द्यायचा होता. यावर आमचं अजून एकमत नाही.

या उन्हाळ्यात तिने दुसरी फिल्म केली. मला क्लिपा आल्या नाहीत. जोडायचं काम वर्गातल्याच एका मुलीच्या फोनवर, दोघींनी मिळून केलं. मला ती मावशीच्या स्टेटसवर दिसली, तीस-तीस सेकंदांचे तुकडे करून टाकलेली. चौथा तुकडा गायब होता. आईला फोन करून म्हटलं, एक भाग दिसत नाहीये, चुकून राहिला का?

“चुकून नाही,” ती म्हणाली. “तू गावाकडं आलास की दाखवते.”